कबड्डीपटूची ताकद मृगातच पेरावी लागते

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की पनवेल तालुक्यातल्या गावांत दोन गोष्टी एकाच आठवड्यात होतात. भाताचा राब भिजतो आणि कबड्डीचं मैदान बंद होतं. राबाची तयारी आपण उन्हाळ्यातच करून ठेवलेली असते. बियाणं आणलेलं असतं, बांध घातलेले असतात. मैदान बंद झाल्यावर खेळणाऱ्या पोरांनी काय करायचं, याची तयारी मात्र कोणाच्याच घरी नसते. पोरं चार-साडेचार महिने मोकळी असतात आणि दिवाळी झाली, पहिल्या स्पर्धेचं पत्रक लागलं, की एकदम पट्टे बांधून मैदानात उतरतात. मग नोव्हेंबर-डिसेंबरात कोणाचा गुडघा जातो, कोणाचा खांदा निखळतो, कोणाच्या मांडीची शीर ताणते. गाव म्हणतं, नशीब वाईट.

हे नशीब नाही, हंगाम चुकल्याचा परिणाम आहे. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. जून-जुलैत जे पेरलं नाही ते ऑक्टोबरात कापायला मिळत नाही.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. व्यायामाचा मास्तर नाही. पण कृषी पदविकेला असताना आणि नंतरही काही वर्षं मी गावच्या संघातून डावा कोपरा खेळलो. दिवाळीनंतरच्या पहिल्याच स्पर्धेत, तिसऱ्या सामन्यात, घोटा पकडायला वाकलो आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. आतला पुढचा स्नायुबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पण खेळ तिथंच संपला. त्या वर्षी पावसाळाभर मी काहीही केलं नव्हतं. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घेण्याचं धाडस करतो आहे. शिवाय आपल्या तालुक्यात कबड्डीपटू म्हणजे बहुतेक शेतकऱ्याचंच लेकरू, तेव्हा विषय तसा परका नाही.

काकांचा सवाल

दोन वर्षांमागची गोष्ट. प्रबळगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात आवणीची पाहणी करायला गेलो होतो. एक काका बांधावर उभे होते. नमस्कार-चमत्कार झाला आणि त्यांनी थेट तक्रारच मांडली.

"साहेब, माझा पोऱ्या पनवेलच्या जिममध्ये पैसे भरून लोखंड उचलतो. नि हितं माझी खताची गोणी बांधावर न्यायला मला गडी शोधायला लागतो. याला काय म्हणायचं?"

पोरगा एकोणीस वर्षांचा. चढाईत तरबेज. पोलीस भरतीची तयारी करत होता. तोही तिथंच होता, गुडघाभर चिखलात. तो म्हणाला, "साहेब, दिवसभर आवणी केली की संध्याकाळी अंगात जीव राहात नाही. जिम बुडते. सर म्हणतात ताकद वाढव, बाबा म्हणतात शेतात ये. मी करू तरी काय?"

दोघांचंही खरं होतं. काकांकडे आता जेमतेम दोन एकर जमीन उरली आहे. नवी मुंबईसाठी सत्तरच्या दशकापासून आपल्या भागातल्या जमिनी जाऊ लागल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून विमानंही उडू लागली. काकांच्या पिढीचं शरीर नांगरणी, चिखलणी, आवणी, कापणी, भारे वाहणं यांतून तयार झालं होतं. त्यांना पावसाळ्यात वेगळा व्यायाम लागलाच नाही. आजचा पोरगा बाराही महिने मोटरसायकलवर असतो. शेती आहे तिथंही चिखलणीला पॉवर टिलर आहे. जी मेहनत आपोआप होत होती, ती आता ठरवून करावी लागते.

आणि शेतातली मेहनत केली तरी एक अडचण उरतेच. आवणीत माणूस सहा-सहा तास वाकून असतो. त्यातून चिकाटी येते, कंबर शेकून निघते, पण कबड्डीला लागते ती ताकद वेगळी. चढाई फक्त ३० सेकंदांची. त्या ३० सेकंदांत निदान रेषा ओलांडायची, बोनससाठी पाय टाकायचा, एका पायावर वळायचं आणि अंगावर तीन गडी घेऊन मध्यरेषेपर्यंत पोचायचं. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, महिलांचा १५-१५ मिनिटांचा. म्हणजे थोड्या वेळात एकदम जोर लावायचा, पुन्हा दम घ्यायचा, पुन्हा जोर लावायचा.

जाकार्तात काय झालं

ताकदीचं महत्त्व आपल्याला २०१८ साली चांगलंच कळलं. आशियाई स्पर्धांत कबड्डी आली १९९० साली, बीजिंगला. तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदकं भारताच्या पुरुष संघाने घेतली. २०१८ साली जाकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असं हरवलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला, २७-२४.

इराण हा कुस्तीचा देश. तिथे जुन्या तालमी आहेत आणि त्यांत आपल्या मुद्गल-करेल्यासारखी लाकडी जोडी फिरवतात. कबड्डी त्यांनी आपल्याकडूनच घेतली, पण अंगाची तयारी त्यांची स्वतःची होती. विशेष म्हणजे त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे शिकवणारी मराठी बाई आणि मेहनत करणाऱ्या इराणी मुली. पुढे हांगझोऊला, २०२३ साली झालेल्या स्पर्धेत, भारताने दोन्ही सुवर्णपदकं परत मिळवली. पण पुरुषांनी इराणला ३३-२९ असं, आणि महिलांनी चायनीज तैपेईला फक्त एका गुणाने, २६-२५ असं हरवलं. आता नुसत्या चपळाईवर आणि परंपरेवर भागणार नाही, हे त्यातून दिसतं.

खारजमिनीला गोड्या जमिनीची शिफारस चालत नाही

आपल्या पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाताची वाणं तिथलीच. ती का काढावी लागली? कारण खारपड जमिनीत गोड्या जमिनीचं वाण नुसतं लावून चालत नाही. व्यायामाचंही तसंच आहे.

पोरं जिममध्ये जातात आणि शरीरसौष्ठव करणाऱ्याचं वेळापत्रक उचलतात. सोमवारी छाती, मंगळवारी दंड, बुधवारी पुन्हा दंड! आरशात दिसतं ते वाढतं. ज्यावर कबड्डी उभी आहे ते पाय, मांडीच्या मागचे स्नायू, नितंब, पाठ आणि पंजाची पकड तशीच राहते. शिवाय खुल्या गटात पुरुषांना ८५ किलो आणि महिलांना ७५ किलो अशी वजनाची मर्यादा आहे. तेव्हा नुसतं वजन वाढवून उपयोग नाही. आहे त्या वजनात ताकद वाढली पाहिजे.

जुन्या तालमीतले जोर-बैठका चांगलेच आहेत, त्यांना नावं ठेवू नयेत. पण रोज पाचशे बैठका मारल्या तर पाचशे बैठका मारायची सवय होते. ताकद वाढायची तर भार हळूहळू वाढावा लागतो. प्राचीन ग्रीसमध्ये मिलो नावाचा पहिलवान होऊन गेला. त्याची दंतकथा अशी की तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं, तसा मिलोही. शेवटी तो पुरता बैल उचलू लागला. कथा खरी असो-नसो, सगळ्या ताकदीच्या व्यायामाचं सार तिच्यात आहे.

सोळा आठवड्यांचं वेळापत्रक

त्या बांधावर काका, पोरगा आणि मी असे बसून आम्ही एक वेळापत्रक केलं. नंतर तालुक्यातल्या एका अनुभवी क्रीडाशिक्षकाकडून ते तपासून घेतलं. सोळा आठवडे म्हणजे ११२ दिवस. आपल्या हळव्या भाताला लागतात जवळपास तेवढेच. त्या वर्षी आवणी निम्मी झालेली असल्याने आम्हाला उशीर झाला होता, पण नेमानं करणाऱ्याने जूनच्या मध्यावर सुरू करावं.

*पहिली पाळी : मशागत (३ आठवडे, जूनचा मध्य ते जुलैचा पहिला आठवडा).* बियाणं पेरण्याआधी आपण मिठाच्या पाण्यात टाकतो. दहा लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणा तरंगतो, तो काढून टाकतो. तसं आधी शरीर तपासा. मागच्या हंगामातलं दुखणं शिल्लक असेल तर डॉक्टरांना दाखवा. मग तीन मोजमापं वहीत लिहा : जागेवरून दोन्ही पायांनी लांब उडी किती, फांदीला लटकून हनुवटी वर किती वेळा जाते, आणि ओट्यावर बसून एका पायावर किती वेळा उठता येतं. डावा आणि उजवा पाय वेगवेगळे मोजा. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा कमजोर निघतो, आणि दुखापतीची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

या तीन आठवड्यांत भार हलका ठेवायचा आणि पद्धत नीट बसवायची. आठवड्यातून तीन दिवस, एकेक व्यायाम दहा वेळा, असे दोन फेरे.

*दुसरी पाळी : आवणी (४ आठवडे, जुलै).* या महिन्यात शेतकऱ्याच्या पोराने आठवड्यातून दोनच दिवस व्यायाम करावा. ज्या दिवशी आवणी केली त्या दिवशी कंबरेवर भार येणारा व्यायाम अजिबात नको. आवणीचा दिवस हा व्यायामाचाच दिवस धरायचा आणि तसं वहीत लिहायचं. इथंच बाप-लेकाचं भांडण मिटलं. पोरगा आठवड्यातून चार दिवस शेतात आणि दोन दिवस व्यायामाला, असं ठरलं. या पाळीत तीन फेरे, आठ-आठ वेळा.

*तिसरी पाळी : फुटवे (५ आठवडे, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा).* आवणी संपली, पीक उभं राहिलं, हाताला सवड आहे. खरी ताकद याच काळात वाढते. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. चार-पाच फेरे, पण प्रत्येक फेऱ्यात पाचच वेळा आणि भार जड. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. गौरी-गणपतीचे दिवस बहुतेक वर्षी याच सुमारास येतात. तो आठवडा हलका ठेवा. पोरं नाहीतरी नाचणारच, आणि शरीरालाही चार-पाच आठवड्यांतून एकदा उसंत लागतेच.

*चौथी पाळी : निसवणं (४ आठवडे, सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा).* मिळवलेली ताकद आता वेगात उतरवायची. भार तोच ठेवा, फेरे निम्मे करा. त्यासोबत उड्या, १० ते २० मीटरच्या धावा, धावता-धावता एकदम थांबून वळणं आणि जोडीदाराशी झोंबी. ३० सेकंद पूर्ण जोर, मग विश्रांती, असं आठ-दहा वेळा.

कापणी सुरू झाली की पुन्हा भार कमी. आणि हंगाम सुरू झाल्यावर व्यायाम सोडायचा नाही. आठवड्यातून एक दिवस, दोन जड फेरे, एवढ्यावर कमावलेलं टिकतं. पूर्ण सोडलं तर जानेवारीपर्यंत निम्मं वाहून जातं.

साधन कोणतं? गोणी!

जिम परवडत नाही किंवा लांब आहे, म्हणून अडायचं कारण नाही. काकांनी त्या दिवशी विचारलं, "गोणीच उचलायची ना? मग माझी उचल!" थट्टेत बोलले, पण बरोबर बोलले.

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली. पूर्वी ती ५० ची होती. रिकामी झालेली गोणी स्वच्छ धुऊन, एकात एक अशा दोन घालून, त्यात रेती भरावी. मात्र एक सावधगिरी बाळगा. रेती युरियापेक्षा फार जड असते. तीच गोणी काठोकाठ भरली तर वजन दुपटीच्या आसपास जातं. म्हणून अंदाजाने भरू नका. काट्यावर तोला आणि गोणीवर किलो लिहून ठेवा. १५, २५ आणि ४० किलोच्या तीन गोण्या केल्या की गावातल्या दहा पोरांचं भागतं.

व्यायाम सातच आहेत.

१. गोणी छातीशी कवटाळून बैठक. टाच उचलायची नाही, गुडघे आत झुकू द्यायचे नाहीत.

२. गोणी जमिनीवरून उचलणं, जिमच्या भाषेत डेडलिफ्ट. कंबर वाकवून नव्हे, तर नितंब मागे नेऊन, पाठ सरळ ठेवून. खताची गोणी उचलतानाही हीच पद्धत ठेवली तर म्हातारपणी कंबर दुखणार नाही. हे काकांनाही सांगितलं.

३. मागचा पाय ओट्यावर ठेवून एका पायाची बैठक. आधी बिनभाराची, मग हातात गोणी घेऊन. चढाई करणारा बहुतेक वेळ एकाच पायावर असतो.

४. जोर. सोपे वाटू लागले की पाठीवर छोटी गोणी.

५. फांदीला किंवा आडव्या खांबाला लटकून अंग वर ओढणं. महिनाभराने खांबावर जाड टॉवेल टाकून, तो धरून ओढा. घोटा पकडायला जी पकड लागते ती यातून येते.

६. गोणी खांद्यावर किंवा छातीशी घेऊन ३० मीटर चालणं.

७. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. तोल सुटला की हात टेकायचे. दिसायला सोपा, करायला फार अवघड. फुटबॉल आणि इतर खेळांतल्या अभ्यासांतून असं दिसलं आहे की या व्यायामाने मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच वेळाच पुरे. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतील, घाबरू नये.

भार किती घ्यायचा, याची खूण सोपी आहे. ठरलेले आकडे पूर्ण झाल्यावर आणखी दोन वेळा उचलता आलं असतं असं वाटलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात सगळे फेरे नीट झाले तर दोन-अडीच किलो वाढवा. नाही झाले तर आहे तोच भार ठेवा. युरिया एकदम ओतला म्हणून पीक वाढत नाही, उलट लोळतं. आपण तो हप्त्याने देतो. इथंही तसंच.

सोळा वर्षांखालच्या मुलांनी मोठा भार घेऊ नये. अंगाच्या वजनाचे व्यायाम आणि हलकी गोणी, तीही जाणत्याच्या देखरेखीत. स्नायू दोन दिवस दुखले तर हरकत नाही. सांधा सुजला, गुडघा अडकू लागला किंवा पाय सुटल्यासारखा वाटला, तर मात्र लगेच थांबून डॉक्टरांकडे जावं. नुसता लेप आणि मालीश यांवर अवलंबून राहू नये. हा स्नायुबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला निदान नऊ महिने लागतात. म्हणजे पूर्ण हंगाम हातचा जातो.

मुलींसाठी वेगळं वेळापत्रक नको

मुलींनी गोणी उचलू नये, अंग बिघडतं, असं अजून काही घरांत म्हणतात. उलट आहे. उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून मांडी आणि नितंबाची ताकद त्यांना जास्तच हवी. मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे गुडघ्यांच्या गंभीर दुखापतीतून उठून पुन्हा खेळल्या, २०१४ च्या आशियाई सुवर्ण संघात होत्या आणि २०१५ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पण अशी जिद्द दाखवायची वेळच येऊ नये, हे आपण पाहायचं. मुलींनी हंगामाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासून घ्यावं. रक्त कमी असेल तर कितीही मेहनत केली तरी दम टिकत नाही.

खायचं काय?

ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोच्या खेळाडूला ११२ ग्रॅम. यासाठी हजारो रुपयांचा डबा आणावा लागत नाही. आपल्या घरचा हिशेब असा : दिवसभरात ४०० ग्रॅम तांदळाच्या भात-भाकरीतून २८ ग्रॅम, १०० ग्रॅम वाल, कुळीथ किंवा डाळीतून २४, तीन अंड्यांतून १८, अर्धा लिटर दुधातून १६, मूठभर म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून १०, आणि ३० ग्रॅम सुक्या मासळीतून १६. बेरीज ११२.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण उन्हाळ्यात भरून ठेवलेला जवळा आणि बोंबील घरात असतोच. तो फक्त खारट असेल तर आधी धुऊन घ्यावा आणि पाणी भरपूर प्यावं. मासळी न खाणाऱ्यांनी डाळ, दूध आणि सोयाबीन वाढवावं. भातानंतर शेतात वाल घेता, त्यातले चार पायली पोरासाठी बाजूला काढून ठेवले तरी पावसाळा निघतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. लवकर ताकद येईल म्हणून कोणी इंजेक्शन किंवा गोळी दिली तर घेऊ नका. मोठ्या संख्येने उत्तेजक चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये २०२२ आणि २०२३ अशा दोन्ही वर्षी दोषी नमुन्यांचं प्रमाण भारताचंच सर्वांत जास्त निघालं. त्यात सापडलेला खेळाडू काही वर्षांसाठी बाद होतो, बदनामी होते ती वेगळी. काळीज-यकृताचं नुकसान भरून येत नाही ते आणखी वेगळं.

ग्रामपंचायतीने एवढं करावं

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक) यांना विनंती आहे. मैदानावर स्पर्धा भरवायला, ढाली द्यायला, हार-तुरे घ्यायला आपण खर्च करतो. त्यातला थोडा भाग पावसाळ्यासाठी ठेवा. समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा संध्याकाळी दीड तास उघडा ठेवा. दिवा, एक आडवा लोखंडी खांब, तीन-चार गोण्या आणि चाळीस पानी वह्या. एवढ्यावर काम सुरू होतं. व्यायामशाळेसाठी शासनाची अनुदान योजना आहे, तिची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी.

मुलींसाठी वेगळी वेळ हवी असेल तर ती आधी ठरवा, उरलेली वेळ त्यांना देऊ नका. आणि पावसाच्या चिखलात, पायाला जखम असताना अनवाणी झोंब्या घेऊ देऊ नका. आपल्या भागात पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुणं, जखम झाकणं आणि ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाणं, हे खेळाडूलाही लागू आहे.

कोणी म्हणेल, खेळासाठी एवढं कशाला? राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका कबड्डीचे संघ ठेवतात. ज्या घरची जमीन गेली किंवा दोन एकरांवर आली, त्या घराला पोराचा धड गुडघा हीही इस्टेटच आहे.

पुढे काय झालं

त्या पोराने पहिल्या वर्षी उशिरा सुरुवात करूनही बारा आठवडे नेटाने केले. मागच्या वर्षी पूर्ण सोळा. वहीत बघितलं तर जागेवरची लांब उडी २ मीटर १० सेंटिमीटरवरून २ मीटर ३५ वर गेली होती, आणि डाव्या-उजव्या पायातला फरक जवळजवळ मिटला होता. तो काही राज्याच्या संघात गेलेला नाही. पोलीस भरतीचीही खटपट चालूच आहे. पण गेल्या हंगामात एकही सामना त्याने दुखण्यामुळे बुडवला नाही.

जानेवारीत एका रात्रीच्या सामन्याला मी गेलो होतो. काका दोरीच्या बाजूला शाल पांघरून उभे होते. शेवटची पाच मिनिटं उरली होती. दोन्ही संघांचे गडी कमरेवर हात ठेवून दम खात होते. पोरगा चढाईला गेला आणि पहिल्या मिनिटाला गेला होता तसाच गेला. दोघांनी धरला, तरी ओढत मध्यरेषेला हात लावला. सामना ते तीन गुणांनी हरले, तो भाग वेगळा.

निघताना काका म्हणाले, "साहेब, रेती उन्हाळ्यातच भरून ठेवू का? पावसात ओली होऊन भलतीच जड होते." एवढं त्यांच्या ध्यानात आलं आहे.

तुमच्याकडेही मृग लागायच्या आत गोणी भरलेली असू द्या.